स्टँडवरचा ऋतुजाचा फ्लेक्स

फ्लेक्स मीच फाडला.

कुणी फाडला, का फाडला, सकाळपासनं ग्रुपवर चौकशा चालल्यात. विळ्यानं फाडला. मी. आता गप वाचा.

ऋतुजा माझ्या धाकट्या दिराची, दत्ताची पोरगी. अकरावीत होती. आज तिला जाऊन वरीस झालं.

आजारी नव्हती. अपघात न्हाई. पोरीनं स्वतःचा जीव दिला. वरीसभर आमी "अचानक गेली" म्हणतोय. ते आता बास.

आमची घरं एकाला एक लागून, त्यामुळं पोरगी सदा माझ्या ओट्यावर. हे फेसबुक तिनंच मला काढून दिलं. मी व्हॉइस मेसेज पाठवला की म्हणायची, "मोठी आई, निरोप देतीयास का भांडतीयास?"

मी म्हणायचे, दोन्ही.

दहावीला आमच्या माले गावात पयली आली. दत्ताचे पाय जमिनीवर ऱ्हायले न्हाईत. स्टँडवर हा मोठा फ्लेक्स लावला. मधी पोरीचा फोटो, पूर्ण नाव, आता कुठल्या कॉलेजात जाणार ते. खाली शुभेच्छुक म्हणून आमी सगळी भावकी, फोटोनिशी, नावानिशी. तळाला दत्ताचा मोबाईल नंबर, कारण त्याच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या असतात. तेवढीच जाहिरात.

आपल्याकडं असंच असतंय. फ्लेक्स लागला की त्याचा फोटो निघतो, तो स्टेटसला जातो, तितनं अख्ख्या तालुक्याच्या ग्रुपवर.

तितनंच कुठल्यातरी मुडद्यानं तो उचलला. अजून सापडला न्हाई तो.

तोंड आमच्या पोरीचं, अंग दुसऱ्याच कुणाचं. उघडं. असं एडिट करून तिलाच इन्स्टावर पाठवलं. आता तुझे खरे फोटो पाठव, न्हाईतर हा तुझ्या भावकीला जाईल.

आणि भावकी त्याला शोधावी लागलीच न्हाई. चुलते, आत्ये, सगळ्यांची नावं त्याच्यापाशी. बापाचा नंबर सुदीक.

आमीच छापून टांगलं होतं.

हे मला कळलं ती गेल्यावर. पौडच्या ठाण्यात पोलिसातल्या बाईंनी तिचा फोन उघडला तवा. दत्ता बाहेर पायरीवर बसलेला, त्याच्यानं उठवंना. आत मी एकटी. बाई वाचत होत्या, मी ऐकत होते.

पोरगी त्याला दादा म्हणत होती.

"दादा प्लीज. पप्पांना नका पाठवू. माझं कॉलेज बंद करतील."

खाली परत तेच. त्याच्या खाली परत तेच.

दादा प्लीज.

त्याला भ्याली न्हाई एवढी आमाला भ्याली.

बाई म्हणाल्या, आधी आली असती तर अकाउंट बंद करायला लावलं असतं, पोरीचं नाव कुटं बाहेर गेलं नसतं, अशा पोरी येतात आमच्याकडं. मी म्हटलं, अवो बाई, फोटो खोटा हाय हे तिला तरी म्हाईत होतं की.

तर म्हणाल्या, "तिला माहीत होतं. तुम्ही खोटा मानाल का, ते माहीत नव्हतं."

वरीस झालं, हे डोक्यातनं जात न्हाई. भाकरी थापताना, भाताच्या खाचरात, एसटीत बसले तरी कानात येतं, दादा प्लीज. ऋतुजाच्या आवाजात. ती तर नुसतं लिहीत होती, मी ते तिच्या तोंडून कधी ऐकलंच न्हाई. तरी तिच्याच आवाजात येतं.

फोटो कुठला उचलला, हे दत्ताला मी सांगितलं न्हाई. कुणीतरी घाण फोटो करून पोरीला छळलं, एवढंच त्याला ठाऊक. बाप हाय. कसं सांगणार.

आज सकाळी गवताला निघाले तर स्टँडवर फ्लेक्स. प्रथम पुण्यस्मरण. तोच फोटो. खाली परत भावकी, तळाला परत नंबर. आणि एकजण गाडीवर बसून स्टेटससाठी त्याचा फोटो काढतोय.

माझ्या हातात विळा होता.

लोकं म्हणाली, मेलेल्या पोरीचा अपमान केला. दत्ता पळत आला. ओरडला न्हाई. "वैनी, माझ्या पोरीचं एवढंच ऱ्हायलंय."

मग सांगितलं. तितंच, सगळ्यांपुढं. दत्ता, त्या मुडद्यानं फोटो हितनंच नेलेला. तुझ्या फ्लेक्सवरनं.

दत्ता वळला. घराकडं चालू लागला. मी मागनं गेले, त्याला एकटा सोडायचा नव्हता.

घरामागं लाकडांवर दहावीचा जुना फ्लेक्स टाकलेला हाय, पावसाला आडोसा म्हणून. आपण सगळेच टाकतो. दत्तानं तो वडून काढला, अंगणात पसरला. पोरगी हसतीय. त्यानं तळाच्या नंबरावर बोट ठेवलं.

"हा नंबर तिला पाठ होता, वैनी. एक फोन करायचा होता."

मी म्हटलं, खरं बोल दत्ता. केला असता तर तू काय केलं असतंस?

नंबरावरचं बोट त्यानं काढून घेतलं.

"कॉलेज बंद केलं असतं."

मग तितंच मातीत बसला आणि म्हणाला, लिही वैनी. माझं नाव घालून लिही.

म्हणून लिहितेय. फ्लेक्सचा तो फोटो ज्याच्या ज्याच्याकडं हाय त्यानं आज डिलीट करा. या पोस्टला फोटो न्हाई, मागू नका.

आणि पोरींनो, असला कुणी मागं लागला तर त्याच्या हातापाया पडू नका. माझ्याकडं या. फोन काढून घेणार न्हाई. खरा फोटो का खोटा, तेबी विचारणार न्हाई. पौडला मी संगं येते. बापाशी काय बोलायचं ते मी बोलते. कॉलेज कोण बंद करतंय, बघतेच.

ऋतू, बापाला तू बरोबर वळखलं होतंस.

पण माणूस बदलतंय गं. आज बदलला तो, माझ्या डोळ्यांदेखत. थोडं थांबायचं होतंस.

नीट जा, बाळा.

तुझी मोठी आई