स्कोलास्टिकाने भिंती झाडल्या

बायुओच्या घरात बायकोपेक्षा कोळ्यांना मान जास्त. जाळी काढायची नाही, भिंतीला झाडू लावायचा नाही. का, तर तो जील हे वाद्य बनवायचा. लाकडी पट्ट्यांखाली बांधलेल्या भोपळ्यांना भोकं पाडायची आणि त्यांवर कोळ्याच्या अंड्यांवरचा पांढरा कागद चिकटवायचा, की जील गुणगुणतं. कागद नसला तर नुसती ठकठक. आणि नुसत्या ठकठकीवर दागारा जमातीतला कुठला माणूस मेल्यावर पितरांच्या वाटेला लागलाय?

स्कोलास्टिकाने लग्नापासून हे सोसलं. पण फादर घरांना आशीर्वाद द्यायला येणार म्हटल्यावर तिचा धीर सुटला. नवरा लाकडासाठी रानात गेलाय बघून तिने भिंती अशा झाडल्या, की कोळी औषधालासुद्धा उरला नाही.

नेमका त्याच दुपारी बायुओचा गुरू, म्हातारा कुसिएले, गेला. रिवाजाप्रमाणे चांगला झगा चढवून त्याचं प्रेत सगळ्यांना दिसेल असं मचाणावर बसवलं. बायुओ जील न्यायला घरी आला, तर भोपळ्यांवरचे कागद फाटलेले. नवे काढायला भिंतीकडे वळला, तर भिंत लख्ख.

"बाबांना मुक्यानेच पाठवू का गं?" म्हणत तो पोरासारखा रडायला लागला.

स्कोलास्टिका कोळ्यांचे कागद मागत घरोघर पळत सुटली. पण फादर येणार म्हणून सगळेच एकदम स्वच्छ झालेले! "कोळी? आमच्याकडे? तोंड सांभाळ!" असं म्हणणारीच्या डोक्यावर जाळं लोंबत होतं. ज्या कुळाला रिवाजानेच त्यांची थट्टा करायची मुभा, त्यातल्या एकाने तर गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आमच्याकडे आहे एक, पण तो चर्चमध्ये मिस्सेला गेलाय."

शेवटी ती कुसिएलेच्याच खोलीत शिरली. त्याची बायको पोग्साआ झाडू उगारून उभी होती. समोरची भिंत कागदांनी पांढरी झालेली.

"जन्मभर भांडले मी या घाणीपायी," म्हातारी फणकारली. "त्याला बजावलंच होतं, तू डोळे मिटलेस की आधी भिंत झाडते."

"आई, मी झाडून बसलेय, तुम्ही नका झाडू," स्कोलास्टिकाने तिचा हात धरला. "बाबा मुके जातील हो!"

"मेल्याला जिवंतपणी कधी गप्प बसता आलं नाही," म्हातारी पुटपुटली. झाडू टाकून ती नखाने एकेक कागद अलगद सोडवायला लागली.

जील गुणगुणलं तेव्हा बायुओ वाजवता वाजवता रडत होता. पोग्साआ मचाणाखाली जाऊन उभी राहिली आणि वर बघून ओरडली, "ऐकलंस? झालं तुझं समाधान? आता मी भांडू कुणाशी रे?"