दोन्ही मुंढे सारखे

आमच्या गल्लीत थंडी सुरू होते ती माळ्यावरून शिलाई मशीन खाली उतरलं की. महाडात नदीकडच्या घरांची ही रीतच आहे. मिरगाच्या आधी मोलाचं सामान माळ्यावर चढवायचं आणि दसऱ्याला, आता सावित्रीचं पाणी काही घरात यायचं नाही अशी खात्री पटली, की उतरवायचं. टीव्ही, गादी, धान्याची पिंपं हे सगळं मागून. आधी मशीन, कारण त्याच्यावर बायकोची थंडीची शिलाई अडलेली असायची. फलालीनची अस्तर लावलेली जाकिटं ती अर्ध्या गल्लीला शिवून द्यायची. मशीन उतरवताना मी वर, ती खाली, आणि हुकूम सगळे खालून. एका वर्षी मी हुकमाच्या आधीच दोर सोडला आणि मशीनचा लोखंडी पाय माझ्याच पायावर घेतला. ती आधी मशीनकडे धावली होती. मी ते लक्षात ठेवलं आहे.

या वर्षी खालून हुकूम द्यायला ती नव्हती. म्हणजे होती, पण खाटेवर. श्रावणात एका सकाळी तांदूळ निवडता निवडता ती उजव्या अंगावर कलली. दवाखान्यात वेळेत पोचलो असं डॉक्टर म्हणाले. पाय ओढत का होईना परत आला, तोंडही बरंचसं जागेवर आलं, शब्द अडत अडत यायला लागले. उजवा हात मात्र कोपरात वाकून पोटाशी बसला, तो बसलाच.

सुरुवातीला शेजारच्या वहिनी रोज सकाळी तिला कपडे घालायला यायच्या. फार चांगली बाई. पण त्या आल्या की बायको तोंड भिंतीकडे करायची. मला ती जवळ येऊ द्यायची नाही, आणि त्यात तिचं चूक नव्हतं. मी एकदा साडी नेसवायला गेलो तर निऱ्या पाठीकडे गेल्या होत्या. मग नवरात्राच्या सुमाराला तिने पुढून उघडा गाऊन एका हाताने चढवायला शिकून घेतलं. दार लोटायची, आणि आत तिचं ती बघायची. वेळ लागायचा. त्या वेळात कुणी आत यायचं नाही, हाकही मारायची नाही. वहिनी बाहेर ओट्यावर बसून राहायच्या आणि दार उघडलं की फक्त वेणी घालून जायच्या.

आता प्रश्न होता थंडीचा. तिचं जुनं जाकीट अंगाबरोबर शिवलेलं, त्यात वाकलेला हात शिरेना. मुलाने मुंबईहून भारीतलं जाकीट पाठवलं, त्याला चेन. चेनची दोन टोकं एकात एक अडकवायला दोन हात लागतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. डोक्यातून घालायचा स्वेटर तिने एकदा घालून पाहिला आणि मध्येच अडकून आत रडली. तो आवाज मी ओट्यावरून ऐकला.

त्यात कापड्याहून तिच्या भावाचा फोन आला. भाताची झोडणी झाली की ती दरवर्षी चार दिवस माहेरी जाते. पोलादपूरच्या वर ते गाव, तिथली सकाळची थंडी आमच्या महाडच्या थंडीला हसते. ती फोनवर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "कापड्याला माझं मी घालीन तरच जाईन. भावजय मला कपडे घालणार असंल, तर नाय जायचं." मग जरा थांबून, "कंदीच नाय."

शिंप्याकडे जाऊ म्हटलं तर मान हलवली. परक्या माणसाला तो हात मापू द्यायचा नव्हता. मग मीच म्हणालो, मी शिवतो. आयुष्यभर पंचायत समितीत कारकुनी केलेल्या माणसाने हे म्हणावं याचं तिला इतकं नवल वाटलं की तिने लगेच परवानगी दिली. वहिनींच्या मदतीने मशीन उतरवलं. पायावर पडलं नाही.

पहिल्या जाकिटाचं फार सांगत नाही. फलालीन कापण्याआधी पाण्यातून काढायचं असतं, आटतं ते. तिने सांगितलं होतं. मी म्हटलं, शिवून झाल्यावर धुणारच आहोत, दोनदा कशाला? धुतल्यावर ते जाकीट मुंबईच्या नातवाला लांड्या बाह्यांचं झालं.

दुसऱ्या वेळी कापड भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली, आणि बाह्या कापताना कापड दुमडायचं विसरलो. एक कापली, तीच वर ठेवून दुसरी कापली. शिवायला घेतलं तेव्हा कळलं की दोन्ही बाह्या डाव्या. मी ते कापड हातात धरून उभा राहिलो. ती खाटेवरून बघत होती. तिला हसू यायला लागलं. आजारानंतर ती अशी हसली नव्हती, अर्धं तोंड पुढे, अर्धं मागून येतंय. हसता हसता म्हणाली, "बरं झालं. उजवा हात हाय तरी कुठं मला?"

आणि थांबली. विनोद मी आयुष्यभर करत आलो आहे, पण ती जादा डावी बाही मी घडी घालून बाजूला ठेवली.

त्यानंतर ती कडक झाली. उरलेल्या कापडातून बाही नव्याने कापायच्या आधी तिने मला समोर बसवलं. मुंढा म्हणजे जिथे बाही जोडतात ते खांद्याचं भोक. मुंढे अजून कापायचे होते, ते जुन्या जाकिटावरून घ्यायचे, दोन्ही सारखे, अंगाबरोबर, असं ती म्हणाली. "हात बरा होतोय. सवच्या पाण्यानं फरक पडतोय. बरा झाला की ढगळ जाकीट घालून फिरू?" दर आठवड्याला मी तिला रिक्षाने सवला नेत होतो, गरम पाण्याच्या कुंडाशी बसवून हात पाण्यात सोडत होतो. फरक मला दिसत नव्हता. पण मला शिलाईतलंही काही दिसत नाही, तेव्हा माझ्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा?

जुन्या जाकिटावरून खडूने आखून घेतलं. कात्री लावायची तेवढी राहिली होती. त्या दुपारी मी बाजारातून अस्तर घेऊन परत आलो तेव्हा आतलं दार थोडं उघडं राहिलेलं. ती जुनं जाकीट घालून बघत होती. आधी आजारी हात घालायचा, ही दवाखान्यातली शिकवण. तो हात मुंढ्यातच अडकला होता, पुढे जाईना, मागे येईना. कपाटाला टेकून ती उभी होती. धडपडत नव्हती. मला हाक मारत नव्हती. बस एखाद्या गाडीची वाट बघावी तशी उभी होती. मी पावलांचा आवाज न करता परत बाहेर गेलो, कोपऱ्यावर जाऊन आलो, आणि येताना दारातच मोठ्याने खोकलो.

ती झोपल्यावर मी कात्री घेतली. डावा मुंढा खडूच्या रेघेवरून कापला. उजवा रेघेच्या बराच खालून, खोल, आणि उजव्या बाहीलाही तेवढीच रुंदी दिली. इतका सरळ काप माझ्या हातून कधी पडला नव्हता.

मशीनवर शिलाई बेताची झाली, पण खांद्याला बाही अंगावर बघितल्याशिवाय बसेना. काढा-घालाचा तिला त्रास, म्हणून मी म्हटलं, अंगावरच कच्चे टाके घालतो. ती दचकली. आमच्याकडे अंगावरचा कपडा शिवत नाहीत. शिवायचाच झाला तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि शेवटचा टाका तुटेपर्यंत बोलायचं नाही. कारण कुणी नीट सांगत नाही. अंगावर शिवतात ते माणूस गेल्यावर, एवढं दबक्या आवाजात बोलतात. मी असल्या गोष्टी मानत नाही असं गावभर सांगत असतो. तरी दोरा मीच तोडला आणि तिच्या ओठांत दिला. अशक्त बाजूने तो घसरला. पुन्हा दिला, दुसऱ्या बाजूला.

मी डाव्या खांद्याचे टाके घातले. मग उजवीकडे वळलो. तिचा डावा हात मोकळा होता. तो आला आणि उजव्या मुंढ्याच्या कडेवरून फिरायला लागला. ज्या बोटांनी गल्लीतल्या माणसांचे खांदे मापले, ती बोटं. अर्ध्या वाटेवर ती थांबली. पुन्हा मागे जाऊन फिरली. डावा मुंढा तिला चाचपायची गरज नव्हती, तो काखेत नीट बसलेला तिला कळत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सुईकडे पाहिलं. दोरा दातांत होता म्हणून ती बोलू शकत नव्हती, आणि मी एवढ्या बारीक टाक्यांनी शिवायला लागलो की कच्च्या शिलाईत ते कुणी घालत नाही. पण टाके संपतातच.

दोरा काढून तिने तळहातावर ठेवला. "हा मोठा कापलाय."

"चुकलं," मी म्हणालो. जन्मभर चुका करण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

"तुमची चूक वाकडी असते," ती म्हणाली. "ही सरळ हाय."

मग तिने मला जाकीट अंगावरून काढायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे दिवस जाकीट मशीनवर तसंच पडून राहिलं. ती जेवायची, गोळ्या घ्यायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. वहिनी मला ओट्यावर गाठून म्हणाल्या, "भावजी, काय केलंत वो? ती माझ्याशीपण बोलत नाय." मी सांगितलं, शिवताना गडबड केली. त्यांना ते लगेच पटलं.

सवला जायचा दिवस आला. रिक्षा दारात उभी केली. ती उठेना. चल ना, म्हटलं, पाणी चांगलं गरम असेल आता.

"कशाला?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. मी रिक्षावाल्याला जा म्हटलं आणि आत येऊन मशीनपाशी बसलो. चहा करावा की नाही तेही कळेना. तिचा हात बरा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले नव्हते. माझं मन म्हणत होतं, आणि ते मी तिला कात्रीने सांगितलं होतं. मी जाकीट उचललं आणि म्हणालो, उजवा आत दाबून लहान करतो, होईल सारखा.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "लहान नका करू."

"मग?"

"डावा पण तेवढाच कापा. दोन्ही सारखे करा."

मी कात्री उचलली. तिने तोंड भिंतीकडे केलं नाही, बघत राहिली. डाव्या मुंढ्यावर मी तिच्यासमोर खडू मारला आणि कापला, आणि डावी बाही खालून उसवून रुंदीसाठी तिच्यात कापडाची पट्टी घातली. या वेळी काप वाकडा पडला. तिने तो पाहिला.

बटणाऐवजी मी चिकटपट्टी लावली, वेल्क्रो म्हणतात ती. माझ्या कमरदुखीच्या पट्ट्यावरची, उसवून. ती ओढली की फर्रकन आवाज करते. तिला ते अजिबात पसंत नव्हतं. बुटांना लावतात ती, माणसांना लावतात का, म्हणाली. पण एका हाताने लागत होती.

कापड्याला आम्ही गेलो. सकाळी बाहेर धुकं, अंगणात शेकोटी, भाताच्या पेंढ्याचा वास. आतल्या खोलीत ती, दार लोटलेलं, आणि दारात मी. भावजय तिच्यासाठी गरम पाणी घेऊन आली. मी म्हणालो ठेवा इथे, ती म्हणाली आत देते, मी म्हणालो नको. त्या बाईला वाटलं असेल नणंदेचा नवरा वयाबरोबर बिघडला. आतून आधी काहीच आवाज येईना. मग कपाटावर काहीतरी आपटलं. भावजय पुढे झाली, मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. पुन्हा शांत. मला वाटलं, आता आत जावं. मग फर्रकन आवाज झाला. पट्टी वाकडी बसली असणार, ओढून पुन्हा लावत होती.

ती बाहेर आली. गाऊनवर ते जाकीट, दोन्ही खांद्यांवर फुगलेलं. उजवी बाही पुरती खाली आली नव्हती, पण हात आत होता.

भावजयीने बाही हातात धरून पाहिली. "केवढं ढगळ शिवलंय गो हे?"

"ह्यांनी शिवलंय," ती म्हणाली. "ह्यांच्या शिवणकामाला माप नाय."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी मान डोलावली. ती शेकोटीजवळ जाऊन बसली आणि चहाचा कप डाव्या हातात घेतला.

परत येताना एसटीत खिडकीशी ती बसली होती. घाटमाथ्यावरचं ऊन नुकतं खाली उतरत होतं. डाव्या हाताने उजवा खांदा चाचपत ती म्हणाली, पुढच्या वर्षी मुंढे जरा आवळायला लागतील.

"दोन्ही?" मी विचारलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं चढली, कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा म्हणाली, "बघू."