आधी डाक्टरला टोचा

आमच्या दाजींइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नव्हता, आणि आमच्या दाजींइतकी लोकांना धास्ती भरवणाराही दुसरा कुणी झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते श्रीगोंद्याला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. गुरांचे डॉक्टर तसे पुष्कळ असतात. कुणी दुधाचं बोलतो, कुणी वळूंचं. दाजींचा जीव जडला होता चामखिळींवर. गाईच्या सडांवर, कालवडीच्या तोंडावर, बैलाच्या मानेवर उगवणाऱ्या चामखिळी एका विषाणूमुळे येतात आणि त्यावर लस करता येते, हा त्यांचा ध्यास. लस व्हायची तेव्हा होईल, पण तोवर आसपास राहणाऱ्यांनी कसे दिवस काढायचे, हा विचार त्यांना कधी शिवला नाही.

माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात, दाजी हाताकडे बघत. नमस्काराला हात जोडले तर ते हळूच सोडवून उलटेपालटे करून पाहत. एका लग्नात तर पंगत ऐन रंगात असताना त्यांनी जिलबी वाढणाऱ्या आचाऱ्याचं मनगट धरलं आणि अत्यंत आपुलकीनं विचारलं, "ही कधीपासून आहे?" त्यानंतर त्या पंगतीत जिलबीला कुणी हात लावला नाही. मुलीच्या बापानं पुढं कित्येक वर्षं आमच्या घराशी संबंध ठेवला नव्हता. माझ्या स्वतःच्या मानेवर एक चामखीळ होती. ती त्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी भर मे महिन्यात मफलर गुंडाळून श्रीगोंद्याला जात असे, आणि एसटीतले लोक मला दम्याचा रोगी समजून खिडकीची जागा देत.

घरी याहून कठीण प्रकार. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून गुरांच्या कापून आणलेल्या चामखिळी ताईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात राहत, आणि बरण्या कमी पडल्या की लोणच्याच्या बरण्या कामाला येत. ताई कुठलीही बरणी उघडण्याआधी वास घ्यायची. एकदा जेवताना मी विचारलं, "हे लोणचं कशाचं?" दाजींनी मान वर न करता सांगितलं, "कैरीचं. बहुतेक." त्या दिवसापासून मी त्या घरात ताक-भातावर जेवलो. त्या बरण्यांतल्या फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्यांना धार लागायची आणि शेजारणींना वाटायचं, ताई नवऱ्यापायी रोज रडते. अगदीच चुकीचं नव्हतं ते.

लस कशी काम करते हे मात्र ते सुरेख समजावून सांगत. "चामखीळ घेऊन येणारा हा चोर असा बेरकी, की शरीर त्याला घरचाच समजून ठेवून घेतं. मग एक दिवस त्याला ओळखतं आणि हाकलून देतं. लस म्हणजे काय, तर त्या चोराचा मेलेला भाऊ दारात आणून टाकायचा आणि शरीराला सांगायचं, हा चेहरा नीट बघून ठेव." एवढं झालं की आवाज खाली आणून म्हणत, "माणसांतसुद्धा याची एखादी जात असेल. आत कुठं तरी दडून मोठं दुखणं करत असेल. अजून कुणाला दिसलेली नाही, एवढंच." माझा हात आपसूक मफलरकडे जायचा.

तर एका रविवारी ते मला घेऊन जवळच्या एका वस्तीवर गेले. तिथं हौसाबाई नावाच्या म्हातारीची संकरित कालवड होती, त्या भागातली पहिलीच. तिच्या तोंडावर, मानेवर, सडांवर चामखिळींचे घोसच्या घोस लटकले होते. लोकांनी तिला पाणी पाजायला हौदावर येऊ देणं बंद केलं होतं. चुना झाला, बिब्बा झाला, घोड्याच्या शेपटीचा केस बांधून झाला. अशी लस त्याच जनावराच्या चामखिळीपासून करायची असते, म्हणून दाजींनी आधीच एक तुकडा कापून नेला होता. तो वाटून, विषाणू मरावा म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, गाळून त्यांनी बाटली तयार केली होती. आता फक्त टोचायचं बाकी होतं.

हौसाबाई कासरा सोडेना. म्हणाली, "डाक्टर, हे पानी तिच्या अंगात जानार. आन् ती मेली मंजी? आमच्यात लेकराला काडा पाजायचा तरी आदी मोठं मानूस घोट घेतं, मंग लेकरू पितं. आदी तुमी टोचून घ्या."

जमलेले लोक हसले. मीही हसलो. दाजी तेवढे हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर आहे यांचं. मी यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो." आणि सदऱ्याची बाही वर करून त्यांनी पिचकारी माझ्या हातात दिली. "दंडाच्या मागच्या बाजूला टोच. माझा हात पोचत नाही."

सुई गुरांची होती, जवळजवळ दाभणच. मी त्यांच्या कानाशी लागलो. "दाजी, यातला विषाणू नक्की मेलाय ना?"

"मेलेला असावा."

"असावा?"

"मी मारलाय रे. पण मेलास का म्हणून त्याला विचारता येत नाही ना."

मला आजही ती सुई कातडीत शिरताना जाणवते. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दाजी शांतपणे दंड चोळत होते, लोकांचं हसू थांबलं होतं आणि हौसाबाईनं मुकाट्यानं कासरा पुढं केला होता. मग कालवडीला टोचलं, ते दाजींनीच. परतताना त्यांनी बजावलं, "ताईजवळ बोलायचं नाही."

ताप त्याच संध्याकाळी आला. दंड सुजून तांबडालाल झाला. दाजींनी गांधीलमाशी चावल्याचं सांगितलं, ताईनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलंच होतं. तिनं आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली आणि म्हणाली, "कधीपर्यंत भ्यायचं, तेवढं सांगा." दाजी म्हणाले, "मला माहीत नाही. हे कुणी करून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही."

मग ते दिवस सुरू झाले. रोज सकाळी ताई त्यांना खिडकीशी उभं करून दंड, मान, पाठ, बोटांची बेचकी तपासायची. तीळ दिसला तरी त्यावर बोट ठेवून विचारायची, हा आधी होता ना? मी नगरला शाळेत मुलांना व्याकरण शिकवत असे आणि दारात शिपाई दिसला की तार आली समजून खडू खाली ठेवत असे. ज्या हातानं मी ती सुई दाबली तो हात मला जेवताना नकोसा वाटायचा. दाजी मात्र तापातसुद्धा आपल्या सुजेचं वर्णन असं करायचे, जसं एखाद्यानं घरी आलेल्या पहिल्या नातवाचं करावं.

ताप उतरला, सूज ओसरली, दंडात एक गाठ तेवढी राहिली. आणि कुणीतरी निरोप आणला की कालवडीच्या चामखिळी वाळून गळताहेत. दाजी धावत निघाले. ताई म्हणाली, "मीही येते. त्या बाईला मला चार शब्द सुनवायचेत." वाटभर ती ते चार शब्द ओठांतल्या ओठांत जुळवत चालली होती.

हौसाबाईनं तिला पाहिलं आणि ओळखलं. ताईनं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बोला बाई, काय बोलायचं ते बोला. दर बाजाराला मी त्या दवाखान्याम्होरं हुबी ऱ्हात हुते. डाक्टर दिसलं की मगच मीठ-मिरची घ्यायची. एक बाजार दिसलंच न्हाईत, तवा तशीच मोकळी पिशवी घिऊन घरी आले. घास उतरंना. कालवड गेली असती तर रडले असते, गप बसले असते. पर ह्यांचं काय झालं असतं, तर तुमच्या दारात कंच्या तोंडानं आले असते?"

ताईचे चार शब्द कुठं गेले कोण जाणे. ती तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर म्हातारीशेजारी बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. या वेळी फॉर्मॅलिन नव्हतं. दाजींचं इकडे लक्षच नव्हतं. ते कालवडीच्या पोटाखाली डोकं घालून पुटपुटत होते, "या आपोआपही गळतात. एका जनावरावरून काही सिद्ध होत नाही." ताई म्हणाली, "घरी चला. तिथं मी सिद्ध करते."

सिद्ध झालं नाही ते नाहीच. वरच्या साहेबांनी त्यांची बदली लांब डोंगरात, राजूरकडे केली, तिथं त्यांना पुरेशा चामखिळीही मिळेनात. दंडातली ती गाठ शेवटपर्यंत होती. आता दाजी नाहीत, ताईही नाही. परवा माझ्या नातीला लस टोचायला नेलं होतं. मुलींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून देतात ती, त्याच चामखिळीच्या विषाणूच्या भाऊबंदावरची. दाजी जो कुणाला दिसलेला नाही म्हणून सांगायचे तो अखेर दिसला होता. माझा चेहरा बघून नर्स म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, कितीतरी मुलींना दिलीय." मी हो म्हटलं. पण माझ्या मनात येत होतं, कितीतरींच्या आधी कुणीतरी एक असेल, ज्यानं पहिल्यांदा बाही वर केली, आणि त्याच्या घरी कुणीतरी रोज सकाळी त्याला खिडकीशी उभं करून भीत भीत पाहिलं असेल. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण ती माणसं कशी दिसत असतील ते मला चांगलं माहीत आहे.