श्यामकांत मिस्त्री आणि मधलं बेअरिंग

...हां, तर काल आपण त्या ठोक्यापाशी थांबलो होतो. इंजिन चालू, आणि श्यामकांत लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पोटाला टेकवून, मूठ कानाच्या हाडाशी धरून, डोळे मिटून उभा. शेजारी त्याचा जुना जोडीदार हालदार एकेका सिलिंडरची प्लगची वायर काढतोय, पुन्हा लावतोय. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी काढली, ठोका मवाळ झाला. तिसरी, चौथी, काही फरक नाही. श्यामकांतनं डोळे उघडले आणि सांगितलं, दुसऱ्या रॉडचं बेअरिंग गेलंय, आणि त्याच्या खाली आणखी एक जड घरघर आहे ती क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मेन बेअरिंगांची. म्हणजे खालचं सगळंच उघडायला लागणार.

काल जे नव्हते त्यांना सांगतो. गार्डन रीचला जहाजं बांधतात ना, त्या कारखान्याच्या भिंतीला लागून जो गल्लीवजा रस्ता जातो, तिथं श्यामकांतचं गॅरेज. माणूस आपला, पण जन्म कोलकात्याचा. आजोबा वाईहून आले ते परत गेलेच नाहीत. वडील शाळामास्तर, एक काका वकील, आणि हा इंजिनाच्या तेलात हात घालणारा. आता चौसष्टीचा आहे. गॅरेजात बोलायचं ते हिंदी नाहीतर बंगाली. घरी बायकोशी मराठी, मुलगा निम्मं समजतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. चाळीस वर्षांत त्याच्या गॅरेजात येऊन कुणी मराठीत "नमस्कार" म्हटलं नव्हतं.

आणि ही गाडीवाली आली ती म्हणाली. देवयानी नाव तिचं. नवरा शरद, रेल्वेत साहेब, बदली होऊन इथं आला. हिची बँक थेट बराकपूरला. बस, मग लोकल, मग पुन्हा रिक्षा, असा जायचा दोन तासांचा खेळ होता. म्हणून तिनं जुनी गाडी घेतली. महिना झाला नाही तोच इंजिन ठोकायला लागलं. दोन गॅरेजवाल्यांनी भंगारात द्या म्हणून सांगितलं. नवराही तेच म्हणायला लागला. एकटा श्यामकांत म्हणाला, वाचेल.

पण ते वाचणं कसं, ते ऐका. उघडल्यावर तेलात पितळेचा चुरा निघाला, शेलांवरचा मऊ थर उडून खालचं तांबं दिसत होतं. शेल म्हणजे बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या, एक वर, एक खाली, मध्ये क्रँक फिरतो. क्रँक घासायला पाठवला, तर घासणाऱ्यानं निरोप दिला: ही शेवटची साईज. याच्यापुढे घासायला लोखंड नाही. आणि या मॉडेलचा दुसरा क्रँक आता बाजारात मिळत नाही. एकदा का यावर ओरखडा आला की इंजिन भंगाराच्या काट्यावर.

शेल बसवताना श्यामकांतचा एक नेम होता. तोंड बंद. हालदार रेडिओ बंद करायचा, दारातल्या चहावाल्यालाही हातानं थांबवायचा. कारण वरच्या शेलला तेलाचं भोक असतं, खालची साधी असते. दोन्ही एकसारख्या बसतात. उलटसुलट गेल्या तर तेलाची वाट बंद, आणि बाहेरून कळायची सोय नाही. म्हणून श्यामकांतनं सायकलच्या ब्रेकच्या वायरीतल्या पाच बारीक तारा काढून ठेवलेल्या. मेन बेअरिंगं पाच, तारा पाच, शर्टाच्या खिशात. वरची शेल बसली की तिच्या भोकातून तार आत घालायची. ती तेलाच्या नळीत सरकली म्हणजे बरोबर. मग ती तेलकट तार डब्यात टाकायची. डब्यात पाच तारा पडल्याशिवाय क्रँक खाली ठेवायचा नाही.

त्या दिवशी देवयानी अर्धी सुट्टी काढून बघायला आली होती. तिनं सहज विचारलं, काका, तुमचं मूळ गाव कोणतं? हा म्हणाला वाई, पण पाहिलेलं नाही. ती म्हणाली, अहो, माझं आजोळ तिथलं. झालं. कृष्णेचा घाट किती पायऱ्यांचा, हळदीच्या बाजारात उभं राहिलं की कपड्यांना कसा वास लागतो, थंडीत नदीवर धुकं कसं बसतं, ती सांगत राहिली आणि हा विचारत राहिला. हालदारनं दोनदा खाकरून पाहिलं. मग बंगालीत पुटपुटला, श्यामदाच्या तोंडाला आज टॉप गियर लागलाय. श्यामकांत हसला. हात चालूच होते. हात सवयीनं चालतात, तीच तर पंचाईत.

गाडी तयार झाली. इंजिन सुरू केलं तर ठोका नाही, घरघर नाही. तेलाचं प्रेशर बघायला गेज लावलं, काटा नेहमीपेक्षा एक रेघ वरच. हालदार खूश. श्यामकांतला मात्र ती एक रेघ जरा जास्त वाटली होती, पण नवीन काम आहे म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. देवयानीला त्यानं बजावलं: पहिले शंभर किलोमीटर सावकाश. रेडिओ नको, फोन आवाज बंद करून कप्प्यात टाक, कान इंजिनाकडे. आणि ट्रॅफिकमध्ये उगाच बंद-चालू करू नकोस. ती मान डोलवून गेली.

दहा मिनिटांनी श्यामकांतनं चष्मा पुसायला शर्टाच्या खिशातून फडकं काढलं आणि बोटाला काहीतरी टोचलं. तार होती. कोरडी, स्वच्छ.

डबा उलटा केला. चार.

आता बघा, एक तार खिशात राहिली म्हणजे एक भोक तपासायचं राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. शेल बरोबरही बसलेली असेल. पण ती एक रेघ त्याच्या डोळ्यांसमोर आली. तेलाची एखादी वाट बंद असेल तर प्रेशर वाढणारच. आणि मनानं तो वाईच्या घाटावर कितव्या बेअरिंगला होता, तेही आठवलं. तिसऱ्याला. मधल्या बेअरिंगला.

फोन लावला. वाजतोय. पुन्हा लावला. वाजतोय. उचलणार कशी, त्यानंच कप्प्यात टाकायला लावलेला. शरदला लावला, तो म्हणाला ती आता खिदिरपूरच्या पुलाकडे असेल, कशाला, काय झालं? श्यामकांतनं उत्तर न देता फोन ठेवला. या इंजिनात मधल्या बेअरिंगमधून रॉडला तेल जायचं नसतं, तेवढं नशीब. बसवताना लावलेल्या ग्रीसवर आणि उडणाऱ्या शिंतोड्यांवर ते किती वेळ तग धरेल? अर्धा तास? गॅरेजात वीस मिनिटं तर इंजिन चालवूनच झालेलं.

हालदारनं स्कूटर काढली. गोदीजवळ पोचले तर रस्ता तुंबलेला. जहाज आत घ्यायचं म्हणून पूल उचललेला होता. ट्रक, रिक्षा, बस, सगळं एकमेकांत अडकलं होतं. हालदारला वाटलं बरं झालं, गाडी पुढे गेली नसणार. श्यामकांतला उलट वाटलं. ती थांबलेली असणार, पण इंजिन चालू ठेवून. बंद करू नकोस म्हणून त्यानंच सांगितलेलं.

तो उतरून पळायला लागला. गुडघे त्याचे दोन वर्षांपासून बोलतात, तरी पळाला. ट्रकच्या मधून, मजुरांच्या डोक्यांवरच्या पाट्या चुकवत. पुढे पुलाची घंटा वाजली, पूल खाली येत होता. पुढच्या गाड्यांनी गियर टाकले. पांढरी गाडी त्याला दिसली तेव्हा ती हलायलाच लागली होती. त्यानं काचेवर थाप मारली. देवयानी दचकली, मग हसली, काच खाली करून विचारायला लागली की काका, माझं काही राहिलं का?

"किल्ली फिरव. बंद कर. आत्ता."

तिनं बंद केली. मागच्या भोंग्यांनी रस्ता डोक्यावर घेतला. श्यामकांतनं स्टिअरिंग धरलं, हालदारनं आणि दोन हमालांनी ढकलून गाडी कडेला घेतली. मग एका टेम्पोला दोर बांधून परत. वाटेत बाई विचारत होती, काय झालं, काय झालं. गॅरेजात आल्यावर हालदारनं हळूच बंगालीत सुचवलं की शेल पेटीतूनच खराब आली असं सांग, हिला काय कळतंय. श्यामकांतनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि हालदार स्पॅनर आणायला गेला.

तेलाचं चेंबर उतरलं. मधल्या बेअरिंगची कॅप सुटली. खाली यायला नको होती ती भोकाची शेल खालच्या बाजूला होती. वरची त्यानं सरकवून काढली, ती साधी, आणि तिच्यावर काळपट पट्टा. त्याची भीती खरी ठरली होती.

पण शेल दोनशे मिळतील. क्रँक एकच. त्याच्यावर राखाडी डाग दिसत होता. श्यामकांतनं फडक्यानं पुसलं, डाग फिका झाला, गेला नाही. मग त्यानं अंगठ्याचं नख क्रँकवर टेकवलं. नख अडकलं तर ओरखडा. शेवटची साईज, याच्यापुढे लोखंड नाही. देवयानी वाकून बघत होती, तिला एवढं समजलं होतं की आता बोलायचं नाही. नख एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं. मध्ये एका जागी जरा थांबल्यासारखं वाटलं. त्यानं पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा नेलं, तेव्हा अलगद, सरळ, बाहेर.

तो तिथंच जमिनीवर बसला. हालदारनं पाण्याची बाटली दिली, ती त्यानं तोंडाला न लावता डोक्यावर ओतली.

मग त्यानं दोन्ही शेल तळहातावर ठेवून देवयानीला दाखवल्या. भोक कुठलं, ते वर कसं हवं होतं, आणि ते खाली कुणी घातलं, सगळं. लपवलं काही नाही. नवीन शेल उद्या येतील, पुन्हा बसवीन, असंही सांगितलं. तिनं काळा पट्टा पडलेली शेल हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच बडबडीनं झालं हे, काका. मी उद्या येत नाही, घरीच थांबते."

श्यामकांतनं हात पुसले आणि म्हणाला, "बडबड तुझी होती, हात माझे होते. उद्या ये. त्या घाटाचं अर्धंच सांगून झालंय तुझं. पाच तारा डब्यात पडेपर्यंत मी हूं की चूं करणार नाही, पण तू बोलत राहा."