पाळीवरची वाट

सायकल मी जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये शिकले. वडील फॅक्टरीत होते. कॉलनीतले रस्ते डांबरी, गुळगुळीत, त्यामुळे मला सायकल येते असा माझा समज होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तुमसरच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मुरमावर तीनदा पडले. तेव्हा तो समज गेला.

मुरमावर उतारात पुढचा ब्रेक दाबला की चाक हातातून सुटतं. बैलगाडीच्या चाकोरीत शिरलं तर बाहेर निघणं मुश्कील, मधल्या उंचवट्यावर राहिलं तर मनगटं बधिर होईपर्यंत हँडल थरथरतं. समोरच्या दगडाकडे बघत राहिलं तर सायकल नेमकी त्याच दगडावर जाते. हे सगळं मी कोपरं सोलून घेत शिकले. मागच्या कॅरिअरला औषधांची पेटी बांधलेली असायची. मी पडले की बाया आधी पेटी उचलायच्या, मग मला.

माझ्याकडची गावं डोंगर आणि तलावांच्या मधे विखुरलेली होती. सर्वात लांबची वस्ती मोठ्या तलावापलीकडे, मासे धरणाऱ्या घरांची. तिथे जायला दोन वाटा. एक तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधाच्या माथ्यावरून. तिथला मुरूम जुना, दबून घट्ट झालेला. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. वारा पाठीशी असला की वीस मिनिटांत पलीकडे. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून जायची, चढउतारांची, दीड तासाची. पाळीच्या तोंडाशी साखळी होती, गाड्या जाऊ नयेत म्हणून. पण तिथला म्हातारा चौकीदार मला लांबून बघूनच साखळी खाली टाकायचा.

त्या वस्तीत एक नवी सून होती, माझ्याच वयाची. एकदा तिने सायकलवर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, मले येईल का हे?"

तिला मी पाळीवरच शिकवलं. लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती बसायची, मी मागून सीट धरून पळायची. पाण्याकडे बघू नको, लांब बघ, असं ओरडत राहायची. चौथ्या दिवशी मी हात सोडला आणि ती गेली. परत आली ती पायी, सायकल हाताने ढकलत, कारण वळवायचं कसं ते मी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघी खाली बसून हसलो. त्या नोकरीत माझी एवढीच एक मैत्रीण झाली.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात तपासलं तेव्हा मूल पायाळू होतं. मी तिला, तिच्या नवऱ्याला आणि गावातल्या सुईणीला बसवून सांगितलं की बाळंतपण तुमसरच्या दवाखान्यातच व्हायला हवं. नववा लागला की बैलगाडीने न्यायचं. आणि त्याआधीच काही झालं, तर मला बोलवायचं. मी येईन. हा शब्द मी दिला होता.

उन्हाळी धानाला पाणी सुटलं होतं, त्या दिवसांत एके सकाळी तिचा नवरा धापा टाकत उपकेंद्रात आला. "बाई, पोट दुखून राहिलं तिचं. सुईण म्हणते, बाईले लौकर आन."

मी पेटी बांधली. तो पुढे पळत, मी मागे सायकलवर. पाळीच्या तोंडाशी आलो तर साखळीला कुलूप होतं आणि पलीकडे दोन जीपगाड्या उभ्या होत्या. पाळीच्या मधोमध झाडाखाली सतरंज्या टाकलेल्या, चुलीचा धूर निघत होता.

चौकीदार मान खाली घालून म्हणाला, "हा गेल्यावर साहेबाचे पावणे आले बाई. किल्ली साहेबापाशी हाय. कोनालेच सोडू नको म्हणते."

मी हाक मारली. पाटबंधारे खात्याचा एक तरुण अधिकारी हातातला ग्लास सांभाळत आला. मी सांगितलं, बाळंतपणाची केस आहे, मूल अडलेलं असेल. त्याने ऐकून घेतलं. मग मागे वळून बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि म्हणाला, "सिस्टर, वरचे लोक आहेत. दुसरा रस्ता आहे ना तुम्हाला? त्यावर तर आत्ताच काम झालं आहे."

साखळी माझ्या कमरेएवढी होती. सायकल तिच्यावरून उचलून टाकता आली असती. नाहीतर सायकल तिथेच सोडून पेटी डोक्यावर घेऊन त्या सतरंज्यांवरून चालत जाता आलं असतं. कोणी मला धरून ठेवलं नसतं. पण माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि त्याने मला सिस्टर म्हणून, नीट भाषेत, जायला सांगितलं होतं. मी सायकल वळवली.

नवरा माझ्याबरोबर आला नाही. पाळीखालची नहर, बांध्यांना पाणी नेणारा कालवा, भरून वाहत होती. त्याने सदरा काढला, नहरेत उडी टाकली आणि पोहत पलीकडे जाऊन बांध्यांमधून वस्तीकडे निघून गेला.

डोंगराच्या वाटेवर दिवाळीपासून गिट्टी आणून पसरलेली होती. तिच्यावर ना मुरूम टाकला होता, ना रोलर फिरवला होता. त्यालाच काम झालं म्हणत होते. त्या सुट्या दगडांवर चाक एक हातही सरळ जाईना. पहिल्या चढाला चेन उतरली. दुसऱ्या उतारावर मी पडले, गुडघा फुटला, पेटीतली एक बाटली फुटली. पुढचं अंतर मी सायकल ढकलतच कापलं.

पोचले तेव्हा सुईण दारात बसली होती. पाय बाहेर आले, धड आलं, डोकं अडकलं होतं. मुलगा होता, गेलेला. मी फक्त तिचा रक्तस्राव थांबवू शकले. ती जगली. शुद्धीवर आल्यावर तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पडल्या का बाई?" मी हो म्हटलं. तिने माझा हात धरून ठेवला.

महिन्याभराने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी घडलं तसं लिहिलं, साखळी, कुलूप, जीप, सगळं. आमच्या वरिष्ठांनी तो वाचून परत केला. "एवढं लांबड कशाला? सायकल घसरून पडल्यामुळे उशीर झाला, एवढं लिहा. खोटं थोडीच आहे?"

मी दोन दिवसांची रजा टाकून घरी गेले. वडील म्हणाले, "सरकारी कागदावर साहेबाचं नाव नाही लिहीत बेटा. पडली होती ना तू? मग तेच लिही."

मी तेच लिहिलं आणि सही केली.

तिच्या नवऱ्याने साखळीबद्दल तक्रार केली होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला तालुक्याला बोलावून माझा कागद वाचून दाखवला आणि तक्रार खोटी ठरवली. तिथून तो सरळ माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, तुमी तं साखळीपाशी उभ्या होत्या ना? मी होतो ना संग?"

तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

त्यानंतर मी त्या भागात आणखी सहा वर्षं काढली. लस द्यायला वस्तीत जायची, बाया मुलं पुढे करायच्या, दंड धरायच्या, टोचून झालं की आत जायच्या. पाणी कोणी विचारत नसे. मी दिसले की ती घराच्या मागच्या अंगाला जायची.

नोकरी कायम झाल्यावर मी खरा खुलासा पुन्हा लिहून काढला आणि कचेरीत नेला. बाबूने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, ती फाईल केव्हाच बंद झाली." त्या अधिकाऱ्याची तोवर बढती होऊन बदली झाली होती. चौकीदार वारला होता.

मग तो कागद घेऊन मी वस्तीत गेले. ती अंगणात मासे साफ करत होती, नवरा जाळं शिवत होता. दोघांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून मी उभ्यानेच सगळं वाचून दाखवलं. साहेब, कुलूप, पाहुणे, आणि मी घाबरून परत फिरले, हेही. नवऱ्याने मान वर केली नाही.

माझं वाचून झाल्यावर तिने हात धुतले. "हे तवाच लिवाचं होतं, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आता कायले आनलं?"

कागद घडी करून मी ब्लाउजमध्ये ठेवला. पुढच्या पावसाळ्याआधी माझी बदली आसगावकडे झाली. तिकडची जमीन सपाट, डोंगर नाही, तलावही लहान. जायच्या आधी सगळ्या गावांत निरोप घ्यायला गेले, फक्त त्या वस्तीत गेले नाही.