माहेर, थर्ड ब्लॉक, जयनगर

प्रत्येक डोहाळजेवणानंतर आमच्या घरी कुणाचा तरी डबा राहतो आणि एखादा किस्सा राहतो. डबे परत जातात, किस्से साठत जातात. नव्वदच्या दशकात बंगळूरला ज्या मराठी मुलीचं माहेर लांब, तिचं डोहाळजेवण आम्ही जयनगरच्या बायकांनी करायचं, असा आमचा शिरस्ताच होता. एकीलाही आम्ही तसं सोडलं नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगते! पण किस्से म्हणाल तर वैशालीचेच.

वैशाली नागपूरची, इथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. ऑफिसातल्याच मंजुनाथशी लग्न केलं म्हणून वडिलांनी बोलणं टाकलेलं. आई आधीच गेलेली. सातवा लागला तेव्हा मी विचारलं, काय खावंसं वाटतंय? आधी काही नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, "संत्रा बर्फी. बाबा आणायचे ती."

*

झालं, आम्ही हट्टाला पेटलो! चिकपेटच्या एका मिठाईवाल्याला अर्धा तास बर्फी समजावून सांगितली. तो प्रत्येक वाक्याला "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त. बर्फी आली ती रंगानं ट्रॅफिक सिग्नलसारखी आणि चवीला तापाच्या औषधासारखी.

वैशालीनं शहाण्या मुलीसारखा एक तुकडा संपवला. म्हणाली, "छान आहे, काकू. आता बाळंतपणापर्यंत मला ताप येत नाही."

*

आमचे घरमालक अण्णा भिंतीत खिळा ठोकू द्यायचे नाहीत. कॅलेंडरसुद्धा आम्ही खिडकीच्या गजाला टांगायचो. आणि डोहाळजेवणाला झोपाळा तर हवाच. भीत भीत अण्णांना सांगितलं, तर छताकडे एकदा बघून निघून गेले.

दुपारी स्वतःच मिस्त्रीला घेऊन हजर! छताला कड्या बसवून घेतल्या, झोपाळा टांगला आणि टेस्टिंग म्हणून आधी आपणच बसले. "गट्टी इदे," म्हणजे घट्ट आहे, असं सर्टिफिकेट दिलं आणि उतरायचं सोडून तिथेच कॉफी मागवली.

*

फुलवाल्या अक्काला मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं करायला सांगितलं. तिनं विचारलं, कुठल्या देवळात द्यायचं? म्हटलं, देऊळ नाही, आमची मुलगी आहे, सातवा चालू आहे. "आमची मुलगी" म्हणताना माझा आवाज जरा चढलाच होता.

अक्का संध्याकाळी मुकुट घेऊन स्वतः घरी आली. वैशालीला तिनंच सजवलं, आम्हाला हात लावू दिला नाही!

*

माहेरची हिरवी साडीही आम्हीच आणली होती. आदल्या आठवड्यात ती दाखवली, तर वैशाली तिच्यावरून हात फिरवत बसली. म्हणाली, "बाबांना कुणी कळवलंय का?" आणि लगेच, "नको, काकू. ते यायचे नाहीत."

मी तडक एसटीडी बूथ गाठला. फोन तिच्या वडिलांनीच उचलला. मी कोण, कार्यक्रम कधी, कुठे, सगळं एका दमात सांगितलं. पोरीला संत्रा बर्फीचे डोहाळे लागलेत, निदान तेवढी तरी पाठवा, म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पार्सलनं नाही पाठवता येत ती. खराब होते." आणि फोन ठेवला.

मला असा राग आला! घरी येईपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे सांगत नाही.

*

डोहाळजेवणाच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचा मुकुट. झोपाळ्यावर वैशाली अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागेल म्हणून मी तिची दृष्ट काढली. ओटी भरली, गाणी सुरू झाली, आणि तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मी उघडायला गेले, ती परत आले झाकलेल्या दोन वाट्या घेऊनच.

पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्या दिवशी दोन्ही वाट्यांत काय होतं, ते मला एकटीलाच माहीत होतं.

वैशालीनं डावीकडची वाटी उघडली. "बर्फी! मुलगी!" सगळ्यांनी एकच गलका केला. तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"काकू," ती म्हणाली, "बाबा कुठे आहेत?"