जळमटबाईंची थोरली पळाली

संशोधनसंस्थेत तिला सगळे जळमटबाई म्हणत. लोक जळमटं झाडून टाकतात, ही बाई ती पोसायची. कोळ्याच्या पोटातून रेशमाचा धागा हलकेच ओढून घ्यायचा, त्यावर लेझर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख वाचून धाग्यातले रेणू कसे रचलेत ते शोधायचं, हे तिचं काम. "एवढं शिकून शेवटी कोळीच का गं?" असं सासूबाई अजूनही विचारत.

एका सकाळी बघते तर काय, डब्याचं झाकण किलकिलं आणि थोरली गायब! थोरली म्हणजे तिची सगळ्यात मोठी, सगळ्यात गुणी कोळीण. विभागप्रमुख सरांनी आधीच दम भरला होता, "एक जरी मोकाट सुटली, तर तुमचं अख्खं बिऱ्हाड बाहेर." त्यामुळे बाई गुपचूप एकट्याच शोधू लागल्या. कपाटामागे वाकून "ये गं बाई, ये" चाललं असताना सर आत आले, तर म्हणाल्या, "पेन पडलंय, सर."

दोनेक दिवसांनी शेजारच्या खोलीत प्लास्टिकचे रेणू तपासणारे प्लास्टिकवाले धावत आले.

"सर, माझ्या प्लास्टिकमध्ये रेशीम येतंय!"

सरांनी आलेख पाहिला. खरंच, रेशमाची शिखरं. नुसती काच ठेवली, तरी रेशीम. काहीच ठेवलं नाही, तरी रेशीम! जळमटबाईंनी पुढे होऊन लेझरच्या सामाईक यंत्राचं झाकण उचललं. भिंगाखाली ऐसपैस जाळं विणून थोरली मधोमध बसली होती.

सर टुणकन स्टुलावर चढले. "ही... ही तुमची?"

"माझीच, सर."

"झाडू आणा!" प्लास्टिकवाले ओरडले.

"खबरदार!" बाई यंत्राला आडव्या झाल्या. "आजवर मी ओढून काढलेलाच धागा मोजलाय. हा तिनं आपल्या मर्जीनं विणलाय. आधी मोजू द्या."

मोजला. आलेख उमटला आणि बाई बघतच राहिल्या. ओढलेल्या धाग्यापेक्षा यातले रेणू कितीतरी शिस्तीत उभे होते.

"दुसरा धागा घ्या बरं," वरून आवाज आला. सरांचा राग कुठल्या कुठे पळाला होता. मान लांब करकरून ते पडद्याकडे बघत होते. "तिसराही घ्या. आणि प्लास्टिकवाले, तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

"पण सर, आज यंत्र माझ्या नावावर नोंदलंय..."

"पुढच्या आठवड्यात!"

संध्याकाळपर्यंत मोजणी चालली. सरांनी चहाही स्टुलावरच मागवला. थोरली डब्यात गेली, झाकण लागलं, त्यावर जाडजूड पुस्तक ठेवलं गेलं, तेव्हा कुठे ते स्टुलावरून उतरले.